भाचीचा कबुलीजबाब

१

कबुलीजबाब टाइप केलेला होता. खाली भाचीची सही होती आणि सहीवर पाण्याचा थेंब पडून शाई फुटली होती. मला आधी त्या थेंबाची दया आली आणि मग टायपिंगची शिसारी. घाबरलेली पोर रडत रडत असे स्वच्छ परिच्छेद पाडत नाही, आणि ‘सदर कुपी’ असं तर मुळीच लिहीत नाही.

“वाचून झालं ना? मग इथे तुमची सही,” सर म्हणाले आणि टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. सर म्हणजे या प्रयोगशाळेचे प्रमुख. इतकी तत्परता मी आजवर फक्त घराच्या दलालांकडे पाहिली होती.

किरणोत्सर्गी पदार्थ जिथे वापरतात तिथे जाऊन नाक खुपसायचं, हे माझं काम. काही सांडलं, हरवलं, कुणी लपवलं की मला बोलावतात. बोलावतात म्हणजे बोलवावं लागतं, कायदाच तसा आहे. त्यामुळे मला बघून आनंद झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

इथे हरवली होती एक कुपी. करंगळीएवढी काचेची बाटली, तिच्यात युरेनियम टेट्राक्लोराइडचे गर्द हिरवे स्फटिक. इथले लोक त्याला नुसतं ‘हिरवी’ म्हणतात. हवेशी तिचं पटत नाही, म्हणून तिला ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवतात. काचेची बंद पेटी, आत कोरडा वायू, आणि बाहेरून हात घालायला रबराचे लांबच लांब मोजे. त्या पेटीतून कुपी गायब झाली. मग किरणोत्सर्ग जाणवला की तडतडणारा काउंटर घेऊन सगळी प्रयोगशाळा धुंडाळली, आणि एका लॉकरपाशी काउंटर तडतडला. लॉकर भाचीचा. तळाला पिवळा डाग.

भाची इथे संशोधन करते. तिला स्वतःचं नाव असणारच, पण इथल्या उपप्रमुख बाई तिच्या सख्ख्या मावशी, त्यामुळे शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ती ‘मॅडमची भाची’. आधी ती नाही म्हणाली, मग एका रात्रीत हो म्हणाली. कबुलीजबाबात लिहिलं होतं की तिने सदर कुपी गुपचूप स्वतःच्या प्रयोगासाठी काढली, लॉकरमध्ये ठेवली, झाकण सैल राहिल्याने माल बिघडला, म्हणून घाबरून तो प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये ओतला आणि काच फोडून टाकली.

“मी सही केली तर पोरीचं काय होईल?” मी विचारलं.

“संशोधन बंद. असल्या कुठल्याही प्रयोगशाळेचं दार तिला पुन्हा उघडणार नाही. पण पोलिसांत देणार नाही आम्ही. मोठ्या मनाने घ्यायचं ठरवलंय.”

मोठं मन! मी टोपण लावलं आणि पेन त्यांच्या टेबलावर ठेवलं.

“आधी मला तो लॉकर दाखवा,” मी म्हटलं. सरांच्या कपाळावरची शीर टरारून वर आली.

२

लॉकर दाखवायला आले पंपूशेठ. पेटीतली हवा उपसणारे पंप हा माणूस सांभाळतो, म्हणून हे नाव; पँट्रीत सगळ्यांचा चहाही तोच करतो. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि डोक्यात सतत काहीतरी खदखदत असलेलं.

“बघा बाई, बघा. तेवढ्यासाठीच आलाय ना तुम्ही,” ते म्हणाले. “हा डाग, हा पुरावा, झाली केस. वर माझ्या पेटीवर आळ घेतला होता आधी, गळते म्हणून. माझी पेटी गळते! माझा जावई गळेल, पण पेटी गळायची नाही.”

मी माझा स्वतःचा काउंटर आत धरला. तव्यावर पाणी पडावं तसा तो तडतडला. युरेनियम होतंच, वादच नाही. डाग पिवळा होता, म्हणजे हिरवीला भरपूर हवा लागलेली होती.

मग मी बाकीच्या वस्तू बघितल्या. जेवणाचा डबा, नेलकटर, केसांच्या पिना, दोन-तीन सेफ्टी पिना, सायकलच्या कुलपाची किल्ली. दाराला आतून साधी लोखंडी कडी, तिच्यावर रंगसुद्धा नव्हता. मी एक एक वस्तू उजेडात धरली. कडीवरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. स्वच्छ.

“काय बघताय?” पंपूशेठ म्हणाले. “डाग खाली आहे.”

“पंपूशेठ, तुमच्या पंपांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण?”

“हिरवीच की! जरा ओल लागली की रांडेची वाफ सोडते. माफ करा. संडास धुवायचं आम्ल असतं ना, त्याचीच वाफ. नटबोल्ट खाऊन टाकते. मागे एक पंप असा गंजला की...” ते मध्येच थांबले. त्यांनी कडीकडे बघितलं, मग नेलकटरकडे, मग माझ्याकडे.

“काही दिवस सैल झाकणाने इथे कुपी होती म्हणे,” मी म्हटलं.

“मग ही कडी अशी कशी?” ते अगदी हळू बोलले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस कुजबुजला की अंगावर काटा येतो.

कडी अशी होती, कारण कुपी त्या लॉकरमध्ये कधी नव्हतीच. बिघडून पिवळी झालेली हिरवी कुणीतरी बाहेरून आणून तिथे पुसली होती. कुणी मुलीच्या डब्याशेजारी, तिच्या केसांच्या पिनांशेजारी युरेनियम फासून ठेवतो, या विचारानेच मी तो डबा तपासायला पिशवीत घातला.

तिथून मी थेट प्रयोगशाळेच्या सिंकपाशी गेले. कबुलीजबाबाप्रमाणे हिरवी तिथे ओतली होती. खाली वाकून नळीच्या वळणाला काउंटर लावला. काउंटर थंड बसून राहिला.

३

भाची वाचनालयात बसली होती. समोर पुस्तक, पण उलटं. मी समोर बसल्यावर तिने ते सुलटं केलं.

“लॉकरमध्ये कुपी कधी ठेवलीस?”

“सदर कुपी मी सोमवारी...”

“बाई गं, सदर नको. तुझ्या भाषेत सांग.”

टेबलावर तिची पाण्याची बाटली होती. मी तहान लागल्याचं सांगून ती घेतली आणि झाकण काही केल्या उघडेना. तिने हात पुढे केला आणि ओशाळून उघडून दिलं.

“सवय आहे. पेटीतून कुपी बाहेर मीच काढते ना. बाहेर काढायच्या आधी झाकण आवळायचं, मग पुन्हा आवळायचं. आता घरच्या बरण्यासुद्धा आवळते. मावशी वैतागते.”

“आणि आत काय न्यायचं असेल तर?”

“तेव्हा उलट. रिकाम्या कुपीचं झाकण अर्धा आटा सैल करायचं. पेटीच्या तोंडाशी जो छोटा कप्पा आहे, तिथे हवा उपसतात. सैल नसेल तर हवा कुपीत अडकते आणि मग तीच पेटीत जाते.”

“ते काम कुणाचं?”

“ज्याचं असेल त्याचं,” ती घाईने म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात घुसली. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं अशीच एकदम मुकी होतात.

“झाकण आवळून आवळून हातांना घट्टे पडलेली तू, आणि एवढ्या चोरीच्या वेळी झाकण सैल ठेवलंस? ज्या सिंकमध्ये ओतलंस म्हणतेस ते कोरं ठणठणीत आहे. कबुलीजबाब कुणी लिहिला?”

तिचे डोळे भरले. “सगळ्यांनी मिळूनच ठरलं. सर म्हणाले पोलीस आले तर संस्थेला टाळं लागेल. मावशी म्हणाली सही केलीस तर मी तुला वाचवते. आईसुद्धा म्हणाली, मावशी म्हणते तसं कर. मी मावशीकडेच राहते, बाई. सहावीपासून. शाळा, कॉलेज, सगळं तिनेच केलं.”

“पण कुपी तू घेतलीस का?”

“नाही,” ती म्हणाली. मग तिने तोंडावर हात धरला, जणू शिवी गेली होती.

कुपी कुणाला नकोशी होती तेही तिच्याच तोंडून बाहेर आलं. मोठं प्रकरण होतं. सर आणि मावशी या दोघांनी मिळून जाहीर केलं होतं की हिरवीचा एक अगदी नवा स्फटिक त्यांना सापडला आहे. सत्कार झाले, भाषणं झाली. भाचीने तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि तिला नवा स्फटिक काही मिळेना. मिळायची ती साधी हिरवीच. शेवटी तिने भोळेपणाने दुसऱ्या संस्थेला विचारलं, आणि ते लोक त्या नव्या स्फटिकाची हीच मूळ कुपी तपासायला घेऊन जाणार होते. ते यायच्या आदल्या आठवड्यातच कुपी गेली.

“आता तपासायला काही नाही,” भाची म्हणाली. “आणि चोराचं कोण ऐकणार?”

४

सरांच्या खोलीत गेले तेव्हा मी मुद्दाम जबानीचे सुटे कागद नेले होते. “जरा टाचणी द्या,” म्हटलं.

सरांनी खण ओढला आणि डबी पुढे सरकवली. टाचण्या गंजून लाल झाल्या होत्या. कागदाला टोचली तर तपकिरी ठिपका उमटला. म्हणजे चोर हाच की काय! एवढ्यात मानेवर थंडगार थेंब पडला. वर बघितलं तर एसी गळत होता, खाली बादली, बादलीत शेवाळ. भिंतीला पोपडे, कपाटाच्या फळ्या फुगलेल्या, आणि टाचण्यांवरच्या गंजावर धूळ. हा गंज जुना होता, आळशीपणाचा होता. स्वतःच्या खोलीतली गळती ज्याला थांबवता येत नाही तो म्हणे युरेनियम सांभाळतो.

“सर, तुम्ही ग्लोव्हबॉक्समध्ये शेवटचा हात कधी घातलात?”

“छे हो, माझे खांदे दुखतात. मी फक्त मार्गदर्शन करतो.” त्यांनी पँट्रीतून आलेल्या चहाचा फुरका मारला. “तुम्ही उगाच ताणताय बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं तिच्या मावशीने बघून घेतलं असतं. माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते काय उगाच? मावशीने किती रदबदली केली तिच्यासाठी! माझ्यापुढे हात जोडले.”

माझ्या मनात सरांबद्दल किळस होती, पण संशय उरला नाही. हा माणूस चोरी करण्याइतकेही कष्ट घेणार नाही.

मावशींची खोली अगदी उलट. लख्ख. खिडकीत कुंड्या, टेबलावर भाचीचा शाळेतला फोटो. मला बघताच त्या उठल्या, दोन्ही हातांनी माझा हात धरला, आणि डोळ्यांतून पाणी.

“पोर आहे हो. चुकली. तिला सांभाळून घ्या,” त्या म्हणाल्या. “मी तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलंय. चहा घेता ना? पँट्रीतून मागवते.”

“तुम्ही?”

“मी घरून आणते.” त्यांनी थर्मास उघडला. “ऍसिडिटी वाढलीये.”

चहा आला, मी प्यायले. चांगला होता. बाहेरच्या मोकळ्या जागेत पंपूशेठ कुणालातरी मोठ्याने सांगत होते, की मॅडम आपल्या हातचा चहा प्यायच्या बंद झाल्यापासून पँट्रीत चैतन्यच राहिलं नाही, नाहीतर आधी दर तासाला आरोळी असायची.

“जरा टाचणी द्या ना,” मी मावशींना म्हटलं.

त्यांनी खण ओढला. तो येईना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा कर्रर्र करत दातांवरून सुरी फिरल्यासारखा बाहेर आला. आत टाचण्यांची नवी कोरी डबी, नवी कात्री, नवा स्टेपलर. कात्रीवर दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच.

“सगळं नवं घेतलंत?”

“जुनं किती दिवस वापरायचं?” मावशी गोड हसल्या. “रिकाम्या कुप्या पेटीत पाठवायचं काम माझं, त्यावर लेबलं चिकटवायची, सतत कात्री लागते.”

मी टाचणी टोचली. कागदावर ठिपका उमटला नाही. मी उठले, आणि सगळ्यांना तिथेच बोलवायला सांगितलं.

५

सर आले, पंपूशेठ आले, भाची दारातच उभी राहिली.

“पंपूशेठ, हा खण पूर्ण बाहेर काढा आणि पालथा करा,” मी म्हटलं.

मावशी चटकन पुढे झाल्या. “अहो कशाला? काउंटर लावा ना! लावून बघा, काही वाजतंय का!”

मी काहीच विचारलेलं नव्हतं. खोलीत सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

पंपूशेठनी एक हिसडा दिला आणि खण पालथा केला. खणाच्या आतल्या बाजू घासून पुसून चकचकीत होत्या. पण तो ज्या लोखंडी पट्ट्यांवरून सरकतो त्या पट्ट्या, मागचे स्क्रू, कुलपाची आतली जीभ, सगळं लाल-तपकिरी. ताजा गंज. बोट लावलं तर भुकटी झडत होती. बाजूचाच दुसरा खण काढला, त्याच्या पट्ट्या मात्र नव्यासारख्या.

मी काउंटर धरला. काउंटर निमूट होता.

“बघा!” मावशी म्हणाल्या.

“बघतेय. तुम्हीही असाच लावून बघितलात, नाही? पुसलंत, धुतलंत, काउंटर गप्प झाला आणि तुम्ही निश्चिंत झालात. बाई, सगळा जन्म तुम्ही युरेनियमबरोबर काढलात आणि घाबरलात फक्त युरेनियमला. त्या नावाचा दुसरा अर्धा भाग क्लोराइड आहे, तो तुम्ही विसरलात. सैल झाकणातून आम्लाची वाफ बाहेर पडली. त्या वाफेत युरेनियमचा कणही नसतो, म्हणून काउंटरला ती दिसत नाही. लोखंडाला दिसते. भाचीच्या लॉकरमध्ये काउंटर बोंबलतो आणि लोखंड चकचकीत आहे. तुमच्याकडे काउंटर गप्प आहे आणि लोखंड सडलंय. कुपी कुठे होती आणि डाग कुठे नेऊन पुसला, आणखी वेगळं काय सांगू?”

“आम्ल काय, सगळ्यांकडे असतं इथे,” त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. हुशार बाई.

“असतं. पण कुपी काढणाऱ्याचा हात सैल सोडणारा होता. तुमची भाची पाण्याची बाटलीसुद्धा माणसाला उघडू देत नाही. रिकाम्या कुप्या आत पाठवणारा हात मात्र कप्प्यापाशी आला की झाकण आपोआप सैल करतो. घाईत, चोरून, नेहमीच्या सवयीने.”

“सवयींवर कुणाला दोषी ठरवता येत नाही.”

“खरंय. म्हणून आता आपण पँट्रीत जाऊ.”

मावशींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. सर गोंधळले. “पँट्रीत कशाला? तो काही आपला किरणोत्सर्गी भाग नाही. तिथे काउंटर कधी नेतच नाहीत.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

पँट्री म्हणजे एक ओटा, गॅस, कप आणि एक सिंक. सिंकखाली नळीचं वळण. मी गुडघ्यांवर बसले आणि काउंटर त्या वळणाला लावला. तो तडतडला. चांगला तडतडला. वर, नळाशेजारी, धुतलेले कप उपडे घातले होते. त्यातलाच एक मी तासाभरापूर्वी तोंडाला लावला होता.

क्षणभर कुणालाच कळलं नाही, मग सगळ्यांना एकदम कळलं. पंपूशेठनी भिंतीला हात टेकला. सर बाहेर धावले आणि कॉरिडॉरमधल्या कुंडीत ओकले. मला ओकारी आली नाही, पण जीभ खरवडून काढावीशी वाटली. खरं सांगायचं तर पाण्याने धुतलेल्या कपांतून जे पोटात गेलं असेल ते नगण्य. तपासून घेऊच, पण कुणी मरणार नाही. किळस त्याची नव्हती. इथे रोज वीसजण चहा पितात हे जिला माहीत होतं, तिने नेमकं हेच सिंक निवडलं, कारण इथे काउंटर येत नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः थर्मास घेऊन यायला लागली.

“ऍसिडिटी नव्हती,” पंपूशेठ म्हणाले. “आणि मी येडा, माझ्या चहाचं काही चुकलं म्हणून आल्याचं प्रमाण बदलत होतो!”

भाची सगळ्यांना बाजूला सारून पुढे आली. ती मावशींसमोर जाऊन उभी राहिली.

“मावशी, मी पण रोज इथलाच चहा प्यायले.”

मावशींनी नजर वळवली.

“तुझ्यासमोर बसून प्यायले. एकदा मी म्हटलं, तुझ्या थर्मासमधला दे ना, आज डोकं दुखतंय. तू म्हणालीस, संपला.”

“तुझं सगळं आयुष्य पुढे आहे,” मावशी म्हणाल्या. आता त्या रडत नव्हत्या, म्हणजे मघाशी कशा रडल्या असतील ते मला समजलं. “तू आणखी काहीही करू शकली असतीस. माझ्याकडे तो एक स्फटिक होता. आणि तू, मी वाढवलेली, तूच बाहेरच्या लोकांना बोलावलंस. काय नडलं होतं? एकदा मला विचारायचं तरी!”

“विचारलं होतं. तू म्हणालीस, पुन्हा करून बघ. मी पुन्हा करून बघितलं. तो स्फटिक नाहीये, मावशी.”

त्यावर मावशींनी तिच्याकडे असं बघितलं की मी मध्ये जाऊन उभी राहिले.

सर रुमालाने तोंड पुसत परत आले. मला वाटलं आता तरी माणूस काही माणसासारखं बोलेल. ते म्हणाले, “हे बाहेर जाता कामा नये. निदान सत्काराचं वर्ष संपेपर्यंत.”

६

पँट्रीला कुलूप लावलं, पाणी बंद केलं, चहा प्यायलेल्या सगळ्यांना तपासणीला पाठवायची व्यवस्था केली. मावशींची जबानी मी स्वतः हाताने लिहून घेतली, एकही ‘सदर’ न घालता. अटक करणं पोलिसांचं काम, म्हणून सही घेऊन त्यांना जाऊ दिलं. कबुलीजबाब फाडायचा मोह झाला, पण तो पुरावा होता, म्हणून तो पिशवीत घातला. सरांना सांगितलं की अहवालात त्यांचाही परिच्छेद असेल. त्यांनी खांदे दुखत असल्याचं सांगितलं.

भाची वाचनालयात बसली होती. संध्याकाळी तिला सांगायला गेले, की तुझ्यावर काही नाही, तुझं काम सुरू राहील, पाहिजे तर त्या दुसऱ्या संस्थेतही जाता येईल. तिने मान हलवली. इतक्या आनंदाच्या बातमीने कुणी इतकं थकलेलं मी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून एक बाई आत आल्या. हातात प्रवासाची पिशवी, चेहरा मावशींचाच, फक्त उन्हाने रापलेला. भाची उठून उभी राहिली. “आई!”

मला बरं वाटलं. म्हटलं, आली बाई पोरीची आई, आता मिठीत घेईल. मी उठून जागा दिली.

आई बसल्या नाहीत. “ताईने फोन केला होता,” त्या म्हणाल्या. ताई म्हणजे मावशी, थोरली बहीण. “सगळं सांगितलं तिने. तुम्हीच ना त्या तपासणीवाल्या? अहो, तिला नोकरीवरून काढतील, अटक करतील म्हणे. तो आधीचा कागद होता ना पोरीचा, तोच राहू द्या ना. हिला तर माफीच मिळत होती. लहान आहे, विसरून जाईल. पण ताईचं वय झालं.”

“तुमच्या बहिणीने तुमच्या मुलीला युरेनियम ओतलेल्या सिंकमध्ये धुतलेल्या कपात चहा पिऊ दिला,” मी म्हटलं. “रोज. समोर बसून.”

“तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला एका चहाचं पडलंय,” त्या म्हणाल्या. मग भाचीकडे वळल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात, तेच वाईट होतं. जेवायला हाक मारावी इतकं साधं बोलल्या. “चल. ती खाली गाडीत बसलीये. आधी मावशीची माफी माग. तुझ्यामुळे किती मनस्ताप झाला तिला.”

मी तोंड उघडलं होतं, पण भाचीने माझ्या दंडाला हात लावला. तिचा हात थंड होता. ती आईकडे बराच वेळ बघत राहिली, एखादी ओळखीची खोली पहिल्यांदाच उजेडात दिसावी तशी.

“तू जा, आई,” ती म्हणाली.

“आणि तू?”

“मी नाही येत.”

आईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, माझ्याकडे तिरस्काराने बघितलं आणि गेल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला. मग मोटारीचं दार लागल्याचा आवाज आला.

भाची खुर्चीवर टेकली. “बाई,” ती म्हणाली, “त्या दोघी लांब जाईपर्यंत मी इथे बसू का? मग कुठे जायचं ते बघते.”

बस म्हटलं. मी दाराला आतून कडी घातली आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली.